भिंतीला पाणी

“बरं झालं आलासा, पाव्हनं. जरा नळ मोठा करा की. वरपत्तुर धार जाईना झालीया.”

मी दारातच थबकलो. हातात स्क्रूचे दोन डबे होते. ते आणायला मी सकाळी चाळीस किलोमीटर गेलो होतो आणि चाळीस किलोमीटर परत आलो होतो. समोर दिवाणखान्याच्या मधोमध माझे सासरे, हौसेराव मिस्त्री, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून उभे होते. हातात बागेतला हिरवा पाइप होता. अंगठ्यानं तोंड दाबून ते माझ्या नव्याकोऱ्या भिंतींवर पाणी मारत होते. एक कोपरा सोडला नव्हता. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, अगदी शिस्तीत.

“मामा,” मी कसाबसा म्हणालो, “हे काय करताय?”

“काय म्हंजी? काल तुमी गिलावा केला न्हवं? मग पानी कोन मारनार? तुमी कामावर, पोरगी डूटीवर. एकवीस दिस पानी मारल्याबिगर भित धरती व्हय?”

तो गिलावा नव्हता. त्या भिंतीही आपल्याकडे ज्यांना भिंती म्हणतात तशा नव्हत्या. लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेले जिप्समचे बोर्ड होते ते. आत पांढरी भुकटी आणि दोन्ही बाजूंनी जाड कागद. आदल्या दिवशी मी बोर्डांच्या सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती. तिचे पांढरे पट्टे पाहून मामांना वाटलं, जावयानं गिलावा केला. जिप्समच्या बोर्डावर पाणी मारणं म्हणजे चहात बुडवलेल्या बिस्किटाकडून बळाची अपेक्षा करणं.

हे सगळं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर घडत होतं. ओमारू नावाच्या गावापासून आत, दीडशे घरांच्या एका वस्तीत. मी तिथल्या दूध कारखान्यात मशिनं सांभाळतो, माझी बायको जयमाला दवाखान्यात नर्स आहे. त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही जमिनीचा तुकडा घेतला. बाहेरचा सांगाडा आणि छप्पर कंत्राटदाराकडून करून घेतलं, आतलं काम मी सुट्टीच्या दिवशी स्वतः करायचं ठरवलं. घर पुरं होईपर्यंत बिऱ्हाड शेजारच्या गॅरेजमध्ये. तीन खाटा, एक शेगडी, आणि वारा सुटला की बँडवाजा लावल्यासारखा वाजणारा पत्रा.

सामान मिळवणं हेच त्या वर्षी मोठं काम होऊन बसलं होतं. देशभर जिप्समच्या बोर्डांचा दुष्काळ पडला होता. लोक बोर्डांसाठी नंबर लावत होते. आमच्या भागातल्या बांधकाम-सामानाच्या दुकानात रोझलिन नावाच्या बाई बसतात. त्यांनी मला एप्रिलमध्ये वहीत नाव लिहायला लावलं आणि बोर्ड दिले ऑगस्टमध्ये. दिवाणखान्याचे चौदा, आठ बाय चारचे. ते घरी आणले त्या दिवशी जयमालानं त्यांना हळदीकुंकू लावलं होतं.

आणि आता त्या चौदा बोर्डांवरून पाण्याचे ओहोळ वाहत होते. दाराजवळच्या बोर्डाला पोट सुटायला लागलं होतं.

खरं सांगतो, मला असा राग आला की स्क्रूचे डबे भिरकावून द्यावेसे वाटले. तोंडात शब्दही आले होते. पण त्याच क्षणी मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मिशांवरून पाणी ठिबकत होतं, बाह्या वर सारलेल्या, आणि चेहरा एवढा उजळलेला की बस्स. तीन महिने हा माणूस गॅरेजमधल्या खाटेवर पाहुण्यासारखा बसून होता. पंचेचाळीस वर्षं ज्याच्या हातातली थापी सुटली नाही, त्याला इथं आम्ही कशालाच हात लावू दिला नव्हता. आज पहिल्यांदा त्यांना काम सापडलं होतं.

मी गेलो आणि नळ बंद केला.

“पुरे आता, मामा. भरपूर झालं. झकास झालंय.”

“सांच्याला आनि एकदा मारतो,” ते म्हणाले.

“नको, नको! इथल्या भिंतींना एकदाच पुरतं. इथली हवाच थंड आहे.”

त्यांनी मान डोलवली, पाइप व्यवस्थित गुंडाळला आणि भिंतीपाशी जाऊन उगाच जरा उभे राहिले. मग चहा टाकायला गॅरेजकडे गेले.

जयमाला चार वाजता ड्यूटीवरून आली. तिनं दिवाणखान्यात पाऊल टाकलं, भिंतीला हात लावला, आणि बोट आत गेलं. ती तिथंच ओल्या जमिनीवर बसली. आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसायला लागली.

“अहो, आबांना सांगितलंत?”

“नाही.”

“सांगायचंही नाही. माझी शपथ आहे तुम्हाला.” ती डोळे पुसत म्हणाली. “आमच्याकडे सगळ्या पंचक्रोशीत म्हणतात, हौसेरावांनी बांधलेली भिंत माणसापेक्षा जास्त जगते. आजवर आबांची एक भिंत पडली नाही. पहिली पडायची ती लेकीच्या घरातली, असं नको व्हायला.”

“अगं पण बोर्ड? दसरा पाच आठवड्यांवर आलाय.”

दसऱ्याला आम्ही घरात राहायला जाणार होतो आणि दसऱ्यानंतर चारच दिवसांनी मामांचं परतीचं विमान होतं. या माणसानं तीनशेच्या वर घरं उभी केली, पण जयमालाचं बालपण कायम दुसऱ्याच्या अर्ध्या घरात गेलं. जिथं काम चालू, तिथल्या एका खोलीत बिऱ्हाड. घर पुरं झालं, रंग लागला, की यांचा बोजा निघाला. कऱ्हाडजवळच्या गावात मामांनी स्वतःचं घर बांधलं ते पन्नाशीनंतर, आणि त्याच्या बाहेरच्या विटा अजून उघड्याच आहेत. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं, “पोरीच्या स्वताच्या घरात येक रात झोपून येतो, मग बास.” सासूबाई स्वतः आल्या नव्हत्या, कारण म्हशीला कोण बघणार.

तेव्हा मी खोटं रचलं. त्या संध्याकाळी जेवताना गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, “मामा, एक भानगड झालीय. दुकानातून फोन आला होता. हे बोर्ड म्हणे कारखान्यातूनच नासके आलेत. सगळे काढून टाका म्हणाले.”

मामांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. “आसं व्हय?”

“हो ना! आता काय करायचं?”

“नासका माल कामाला ठिवू नये,” ते म्हणाले आणि तुकडा तोंडात टाकला. जयमाला ताटातून नजर वर काढेना.

दुसऱ्या दिवसापासून माझी वणवण सुरू झाली. आधी रोझलिनबाई. त्यांनी माझी सगळी हकिकत ऐकली, तोंडावर हात ठेवून पोटभर हसल्या, आणि मग वही उघडून म्हणाल्या, “फेब्रुवारीत मिळतील.” मी म्हटलं, दसरा फेब्रुवारीत नसतो. त्यांना दसरा समजावून सांगण्यात वीस मिनिटं गेली. बोर्ड तेवढे मिळाले नाहीत.

मग नेटवरच्या जाहिराती. एकानं सात बोर्ड आहेत म्हणून सांगितलं. ट्रेलर जोडून दीडशे किलोमीटर गेलो, तर तीनच होते आणि त्यातला एक मधोमध मोडलेला. दुसऱ्यानं फोटो पाठवला एक आणि पुढं केलं भलतंच प्लायवुड. कारखान्यातल्या सोबत्यांना विचारलं, बांधकामांवर जाऊन फोरमनची मनधरणी केली. दहा दिवसांत माझ्या गॅरेजमध्ये बोर्ड जमले दोन.

मामा या काळात फार शांत होते. भिजलेले बोर्ड त्यांनीच खाली उतरवले, तुकडे करून परसात रचले. मग एके दिवशी सकाळी चहा पिऊन म्हणाले, “पाव्हनं, मी जरा फिरून येतो. बसून बसून आंग आंबलं.”

“जा की मामा. पण थंडी आहे, टोपी घाला.”

त्यांनी टोपी घातली आणि खाटेखालची पिशवी उचलली. त्या पिशवीत त्यांची हत्यारं होती: थापी, ओळंबा, गुण्या, सुताचं रीळ. येताना विमानतळावर त्या पिशवीनं आमचा तासभर खाल्ला होता. या देशात परक्या मातीचा कणही आत येऊ देत नाहीत, आणि मामांच्या थापीवर तर गेल्या कित्येक बांधकामांचं सिमेंट चिकटलेलं. तिथल्या अधिकारी बाईंनी ती थापी ब्रशनं घासून घासून आरशासारखी करून दिली. मामा मला म्हणाले होते, “आमच्या बिगाऱ्यानं जल्मात आशी धुतली न्हाई.”

फिरायला जाताना पिशवी कशाला, हे मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला सवयीची वस्तू जवळ लागते, एवढंच मनात आलं.

त्यानंतर नवल सुरू झालं. दोन दिवसांनी शेजारचा ग्रॅहम आपली गाडी घेऊन दारात आला. ग्रॅहम मेंढ्या पाळतो. दोन वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला असेल ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. त्यानं मागचं फळकूट पाडलं. आत दोन बोर्ड.

“शेडमध्ये पडून होते,” तो म्हणाला. “उपयोग होईल?”

“उपयोग? अरे बाबा, किती द्यायचे?”

“काही नाही,” म्हणून तो निघून गेला.

त्या आठवड्यात चर्चच्या मागं राहणाऱ्या एका बाई आल्या, गाडीच्या टपावर एक बोर्ड दोरीनं बांधून. मग शाळेच्या शिपायानं एक आणून टाकला. कुणी पोटमाळ्यावरून काढला होता, कुणी गोठ्यातून. एका बोर्डाच्या कडेला कोंबडीची पिसं चिकटली होती. मी प्रत्येक वेळी भारावून जायचो. माझ्या भावाला फोन करून सांगितलं, “इथली माणसं देवमाणसं आहेत रे!”

जयमाला मात्र भुवया आकसून बघायची. “आपण इथं दोन वर्षं राहतोय. कुणी वाटीभर साखर दिली नाही. आता बरे बोर्ड देतायत!”

“तुझा स्वभावच संशयी.”

“आणि आबा रोज फिरायला जातात कुठं? काल त्यांचा सदरा धुतला. खिशातून वाळू निघाली.”

“समुद्रावर जात असतील.”

“समुद्र तीस किलोमीटर लांब आहे, अहो.”

मी कानाडोळा केला. बोर्ड येत होते, मला तेवढं पुरे होतं. मामांनी आता कामाचा ताबा घेतला होता. बोर्ड वेगवेगळ्या वर्षांचे, जाडीला कमीजास्त. मी एकटा असतो तर भिंत खाटकाच्या पाटासारखी खालीवर झाली असती. मामा सूत ताणायचे, ओळंबा सोडायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, “उजव्या अंगाला दोन सूत आत घ्या.” पातळ बोर्डाच्या मागं ते पुठ्ठ्याच्या पट्ट्या द्यायचे. मी स्क्रू मारायचो. सासरा मिस्त्री आणि जावई बिगारी. मला मशिनं सांभाळण्याच्या पंधरा वर्षांत आली नसेल एवढी मजा त्या दिवसांत आली.

शेवटचा, खिडकीखालचा बोर्ड लावायच्या आधी त्यांनी मला चहा टाकायला पिटाळलं. मी कप घेऊन आलो तर बोर्ड जागेवर उभा, आणि त्यांच्या कानाला पेन्सिल.

“मारा स्क्रू,” म्हणाले.

दसऱ्याला अजून आठ दिवस बाकी होते. ग्रॅहमनं त्या दुपारी गाडीभर पांढरा दगड आणून दारात ओतला. ओमारूचा दगड मऊ असतो, लाकडाच्या करवतीनं कापता येतो. मामांनी करवत चालवून पाहिली आणि लहान पोरासारखे हसायला लागले. “पाव्हनं! धोंडा कापतुया बगा! आमच्या काळ्या फत्तरानं माझं आर्धं आयुष्य खाल्लं की!” चार दिवसांत त्यांनी घराच्या दाराशेजारी दोन माणसं बसतील असा कट्टा बांधला. सांधे चुन्यानं भरले. मग पाइप हातात घेऊन माझ्याकडे वळले.

“ह्येला तरी पानी मारू का?”

“मारा की मामा, बिनधास्त मारा!”

दसऱ्यापर्यंत ते रोज सकाळ-संध्याकाळ त्या कट्ट्याला आंघोळ घालत होते.

दसरा उजाडला. कलश पुजला, जयमालानं दूध उतू घातलं, पुरणाचा घाट घातला. ज्यांनी ज्यांनी बोर्ड दिले त्यांना आम्ही जेवायला बोलावलं होतं. पण पहिली गंमत दारातच झाली. प्रत्येक पाहुणा माझ्या हातात फुलं देऊन माझ्या अंगावरून पुढं जायचा, आणि मामांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणायचा, “मिस्त्री!”

सगळ्यांना त्यांचं नाव ठाऊक होतं. माझं नाव अजूनही कुणाला नीट येत नव्हतं.

“तुमची ओळख कशी?” मी रोझलिनबाईंना विचारलं.

“ओळख कशी म्हणजे? माझी चिमणी यांनी नवी बांधून दिली. तीन वर्षं मी विटांचं काम करणारा माणूस शोधत होते.” त्या आश्चर्यानं माझ्याकडे बघत राहिल्या. “आमच्या आईच्या पोटमाळ्यावर तीन बोर्ड होते ते दिले त्यांना. तुम्हाला माहीत नाही?”

मी ग्रॅहमकडे पाहिलं. तो कट्ट्यावर बसून पुरणपोळी केकसारखी काट्यानं खात होता.

“एके दिवशी सकाळी हा माझ्या फाटकाशी आला,” ग्रॅहम म्हणाला. एवढं लांब बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकत होतो. “हातात बोर्डाचा तुटका तुकडा. तुकडा दाखवला, बोटं दाखवली बारा. मग माझ्या पडक्या कुंपणाच्या भिंतीकडे बोट केलं, आणि स्वतःच्या छातीकडे. मी म्हटलं, ठीक. तीन दिवसांत भिंत उभी. मग मीच त्याला गाडीत घालून वस्तीभर फिरवला. इथं प्रत्येकाचं काहीतरी पडलेलंच असतं.”

मी मामांकडे वळलो. ते जमिनीवर मांडी घालून शाळेच्या शिपायाला पोळीवर तूप कसं घ्यायचं ते दाखवत होते.

“मामा, तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं त्यात? आंग आंबलं हुतं, मोकळं केलं.”

जयमालानं मागून येऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि सगळ्यांच्या देखत रडली. मामा म्हणाले, “ये बये, तूप सांडंल.” त्या रात्री ते दिवाणखान्यात, त्याच भिंतींच्या मध्ये, जमिनीवर पथारी टाकून झोपले. पलंग दिला तर नको म्हणाले. चार दिवसांनी ते गेले. विमानतळावर निम्मी वस्ती आली होती.

मला वाटत होतं, गोष्ट इथं संपली. मामांनी आमच्यासाठी बोर्ड मिळवले आणि मी त्यांच्यापासून त्यांची चूक लपवली. फिट्टंफाट. आपलं नाटक उत्तम वठलं, या समाधानात मी पुढची तीन वर्षं काढली. कधीकधी जयमालाला टाळीही मागायचो.

गेल्या महिन्यात खिडकीखाली विजेचं नवीन बटण बसवायचं होतं. आतली वायर सापडेना, म्हणून मी तो शेवटचा बोर्ड स्क्रू काढून अख्खा सोडवला. उलटा करून भिंतीला टेकवला. मागच्या करड्या कागदावर पेन्सिलीनं, ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं:

“पहिल्या भिंतीला पाणी मी मारलं. भिंत माझ्यापायी गेली. पाव्हणं एका शब्दानं बोललं न्हाईत. हौसेराव मिस्त्री.”

मी खाली बसलो. जयमालाला हाक मारली. तिनं ते दोनदा वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. गावाकडे सकाळ होती. मामा गोठ्यात होते, म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं.

“मामा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“काय?”

“बोर्ड पाण्यानं गेले ते. कधी कळलं तुम्हाला?”

“त्याच टायमाला. तुमी नळ बंद केलासा आनि मी भितीला अंगठा लावला. अंगठा गेला की आत!” ते हसायला लागले. “भित दाबून बगत न्हाई आसा गवंडी आसतुया व्हय?”

“मग तेव्हाच का नाही बोललात? पाच आठवडे मी तुमच्यासमोर खोटं बोलत होतो. दुकानाचा फोन काय, कारखान्याचा नासका माल काय...”

पलीकडे त्यांनी म्हशीपुढं वैरण टाकल्याचा आवाज आला.

“तुमी येवढ्या मायेनं खोटं बोलत हुतासा, पाव्हनं,” मामा म्हणाले. “म्हनलं, मोडता कशाला घालायचा?”

जयमाला माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती आणि माझा सदरा भिजत होता. मामांनीच मग कट्टा कसा आहे, ग्रॅहमची भिंत कशी आहे, सगळं विचारून घेतलं. कट्ट्याला तडा नाही म्हटल्यावर म्हणाले, “जाईल कसा? पानी मारलंय.”

दुपारी मी वायर ओढली, बटण बसवलं आणि तो बोर्ड परत जागेवर लावला. सूत धरून, ओळंबा सोडून, अगदी मिस्त्रींच्या पद्धतीनं. फक्त या खेपेला उलटा लावला, अक्षरं घराच्या आत करून.